लेकरांच्या मोहाचं फूल

डॉक्टर, मोह पडायला लागला, रानात फुलांचा सडा आहे.

नागपूरला तुमच्या घरी शेवटची भेट झाली तेव्हा तुम्ही खुर्चीत बसून म्हणाला होता, "पुष्पा, आता भांडू नकोस, मला दम लागतो. मोह पडायला लागला की ये, मग सावकाश भांडू." मी म्हटलं, बरं. आणि तुम्ही होळीच्या आधीच निघून गेलात. भांडण अर्धवट टाकून उठायची तुमची सवय जुनीच. एरवी जीप थांबवून खाली उतरायचा, चार पावलं चालून यायचा आणि विषय बदलायचा. या वेळी फारच लांब उतरलात.

चंद्रपूरला तुमची शोकसभा झाली. फोटो तोच लावला होता, चष्मा एका बाजूला कललेला. कोणी सरळ चष्म्याचा फोटो शोधला नाही, याचं मला बरंच वाटलं. लोक चांगलं बोलले. कोणी तुमच्या सायकलीबद्दल, कोणी तुमच्या इस्त्रीच्या शर्टाबद्दल. मग एक मोठे साहेब उठले. म्हणाले, "गोवरावरच्या त्यांच्या त्या शोधनिबंधातल्या आकड्यांबद्दल मतभेद असू शकतात, पण माणसाची तळमळ खरी होती." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या मात्र अंगाची लाही झाली. तळमळ खरी, म्हणजे आकडा खोटा, हेच ना? सरळ म्हणायची हिंमत नाही म्हणून हार घालून म्हणायचं. तुम्ही आकडा कुठून आणलात ते मला ठाऊक होतं. तिथल्या तिथे उठून सांगितलं असतं, तर साहेबांना खाली बसावं लागलं असतं. पण तुम्ही माझ्याकडून वचन घेऊन ठेवलेलं. इतकी वर्षं ते वचन मी दाताखाली धरून आहे. त्या दिवशी दात दुखले, डॉक्टर.

तुमच्याकडे मी आले तेव्हा समाजकार्याची पदवी हातात होती आणि डोक्यात दुसरं काही नव्हतं. वरोऱ्याची पोरगी, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. सहा महिन्यांची नोकरी आहे, गोंडी येत असेल तर बरं, असं कोणीतरी सांगितलं. मी बिनधास्त 'येते' म्हणून सांगून टाकलं. माझी गोंडी बाजारापुरती होती, हे तुम्हाला पहिल्याच गावात कळलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "काही हरकत नाही, माझं मराठीही इथं कोणाला कळत नाही." खरंच कळत नव्हतं. तुमचं ते साताऱ्याकडचं 'मला-तुला' आणि वाक्याच्या शेवटी लावलेलं 'बरं का' ऐकून आजीबाया पदराआड हसायच्या. तुम्ही एखाद्या लेकराच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघायचा, तर तुमच्यामागे पोरांची रांग एकमेकांच्या पापण्या ओढत उभी.

राजुऱ्याहून गडचांदूर, तिथून घाट चढून जिवती. वरचा तो माळ, दगड फोडून काढलेली शेतं, कपाशी आणि ज्वारी, आणि उन्हाळ्यात पाण्याची बोंब. तुम्हाला कुत्र्यांची भीती वाटायची. गावात शिरताना मला पुढे काढायचा, म्हणायचा, "तू बोलकी आहेस, तू जा आधी." कुत्र्यांशी मी काय बोलणार होते? पण मी जायची. दुपारी कोणाच्या तरी ओसरीत ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी मिळायची, बिनदुधाचा चहा मिळायचा. पहिल्यांदा तो काळा चहा पिताना तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पुढे नागपूरच्या घरीही तोच प्यायला लागलात.

आपण गेलो होतो गोवरासाठी. डोंगरावरच्या गावांत गोवर येऊन गेला, असं ऐकून होतो. सरकारी नोंदीत मात्र पानंच्या पानं कोरी. तुमचा हिशेब साधा होता. लस नऊ महिन्यांच्या लेकराला देतात, ती बर्फाच्या डब्यातून येते, आणि तो डबा हा घाट फारसा चढत नाही. गोवर येऊन गेला असेल, तर लेकरं गेली असणार. ती मोजली नाहीत, तर ती गेलीच नाहीत असं धरतात. मग डबा कशाला पाठवतील? तुम्ही हे इतक्या शांतपणे सांगायचा, की मलाच ओरडावंसं वाटायचं.

त्या गावात आपण संध्याकाळी पोचलो. गावाचं नाव तेव्हाही लिहिलं नव्हतं, आताही लिहीत नाही. घरोघरी बसलो. उंबऱ्याच्या आत, खाटेवर तुम्ही, जमिनीवर मी. ठरलेला प्रश्न विचारला, गेल्या दोन पावसाळ्यांत घरातलं लहान मूल गेलं का? प्रत्येक घरी एकच उत्तर, "नाई." मारुबाईच्या घरीही तेच. तिशीच्या आतली, उंच, हातावर गोंदण. तिनं पाणी दिलं, आपण प्यालो, तिनं नाही म्हटलं आणि चुलीकडे वळली. शाळेच्या ओसरीत परत आलो, तेव्हा तुम्ही टेकून बसलात आणि म्हणालात, "पुष्पा, एक तर या गावाला देव पावलाय, नाहीतर आपल्याला विचारता येत नाही."

सकाळी उजाडता उजाडता आपण निघालो. मोहाचेच दिवस होते. बायांनी झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जागा साफ केलेली, आणि त्या वाकून फुलं वेचत होत्या. सगळीकडे तो गोडसर, डोक्यात चढणारा वास. चहा झाला नव्हता, तुम्हाला भूक लागली होती. वाटेत एक मोठा मोह होता. त्याच्याखाली फुलं नुसती सांडलेली, पिवळा सडाच, आणि वेचायला एकही बाई नाही. पाचोळाही कोणी जाळला नव्हता. तुम्हाला वाटलं, बेवारस झाड आहे. वाकलात, एक टपोरं फूल उचललंत, शर्टाला पुसलंत आणि तोंडात टाकलंत.

सगळ्या बायांचे हात थांबले. एका म्हातारीनं गोंडीत मला काही सांगितलं. मला अर्धं कळलं, अर्धं तिच्या हातावरून. मी तुम्हाला म्हटलं, "डॉक्टर, हे लेकरांचं झाड आहे." तुम्हाला कळेना. मग मला सगळं सांगावं लागलं. अंगावर पितं लेकरू गेलं की ते या मोहाखाली पुरतात. मोहाचं पान तोडलं की दूध निघतं. आईचं तुटलं तरी त्याचं दूध तुटू नये म्हणून. या झाडाचं फूल कोणी वेचत नाही.

फूल तुमच्या तोंडात होतं. ते तुम्हाला गिळवेना, थुंकवेना. मला वाटलं, आता हे थुंकणार आणि गाव आपल्याला बाहेर काढणार. तुम्ही डोळे मिटले आणि गिळलंत. मग हात जोडून उभे राहिलात, कोणाकडे बघून ते तुम्हालाही ठाऊक नसावं.

मारुबाई टोपली कमरेवर घेऊन आली. झाडाच्या एका बाजूला गेली, खाली बसली, हातानं फुलं बाजूला सारली आणि मला म्हणाली, "इथी माही पोरगी हाय." मग तिनं सगळं सांगितलं. ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ, पुरळ उतरली आणि मग श्वास. दूध ओढायची ताकद राहिली नाही, ते सांगतानाचा तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. ती उठली, तर दुसरी आली. मग तिसरी. प्रत्येक बाई आपापल्या जागेजवळ बसायची, बोलायची आणि उठायची. नोंदीत ज्यांचा कुठे मागमूस नव्हता, ती लेकरं अशी एकेक करून झाडाभोवती उभी राहिली. तुम्ही लिहीत होता आणि मी सांगत होते. मध्येच तुम्ही म्हणालात, "हळू, पुष्पा." मी हळूच बोलत होते. तुम्हाला दिसत नव्हतं नीट, चष्मा ओला झाला होता.

पुढे प्रत्येक गावात आपण तसंच केलं. संध्याकाळी जाऊन नुसतं बसायचं, काही विचारायचं नाही. उजाडताना रानात फिरायचं. जो मोह कोणी वेचत नाही, त्याच्यापासून लांब बसून राहायचं. कोणी ना कोणी बाई येऊन विचारायची, काऊन बसले भाऊ? तुम्ही म्हणायचा, "असाच." मग ती बोलायची. मी या कामात म्हातारी झाले, पण यापेक्षा चांगली विचारायची रीत मला दुसरी सापडली नाही. ही रीत तुम्हाला एका चुकीतून मिळाली, आणि तीच तुम्ही जगापासून लपवली.

त्या झाडाच्याच दिवशी, घाट उतरायच्या आधी, जीपजवळ तुम्ही माझ्याकडून वचन घेतलंत. झाड कागदावर येणार नाही. कोणाला सांगायचं नाही. आणि मारुबाईला त्याबद्दल परवानगीही विचारायची नाही. मी म्हटलं, परवानगी विचारायला काय जातं? तुम्ही म्हणालात, "आपण औषध घेऊन आलोय. औषधवाल्याला कोणी नाही म्हणत नाही. जिला नाही म्हणता येत नाही, तिच्या होकाराला अर्थ काय?" बोलणं बिनतोड होतं. पण मला आतून ठाऊक होतं की खरं कारण निराळं होतं. पुढे गावात तुम्हाला 'पुंगार डॉक्टर' म्हणायला लागले. पुंगार म्हणजे फूल. पोरं ओरडायची, "पुंगार डॉक्टर आला!" आणि तुमची मान खाली जायची. तुम्हाला वाटायचं, तुमच्या त्या घासाची गाव आठवण करून देतं. मलाही तसंच वाटायचं.

शोधनिबंध तुम्ही लिहिला, तिसरं नाव माझं घातलंत. मी ते नाव आईला दाखवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी तिनं त्यावर बोट फिरवलं. पण निबंध परत आला. छापणाऱ्यांनी विचारलं, नोंदीत नसलेले मृत्यू तुम्हाला कसे सापडले? तुम्ही उत्तर दिलंत, 'समाजातील माहितीदारांकडून.' पुन्हा परत आला. पुन्हा तेच उत्तर. शेवटी एका लहानशा मासिकात छापून आला, आणि नागपूरच्या एका सभेत भरल्या सभागृहात एकानं विचारलं, "नोंदीत नाहीत, मग ही मुलं आली कुठून? झाडाला लागली होती का?" सगळे हसले. मी मागच्या रांगेत उभी झालेच होते. तुम्ही माझ्याकडे नुसतं बघितलंत. मी बसले. आजही मला वाटतं, मी बसायला नको होतं, आणि आजही मला ठाऊक आहे की तुम्ही तसं बघितल्यावर मी पुन्हा बसेनच.

परत येताना वरोऱ्याला चहाला थांबलो. माझं गाव, त्यामुळे माझा आवाज आपोआप चढलेला. समोर आलुबोंडे आणि रस्सा. रागावले की माझं शिकलेलं मराठी गळून पडतं, हे तुम्हाला माहीत होतं. मी म्हटलं, "तुमाले समजत काऊन नाई? लोक तुमाले खोटं म्हणून राह्यले! एक वाक्य लिहा, एकच. का त्या बाईले जाऊन इचारा."

तुम्ही आलुबोंड्याचा तुकडा मोडत म्हणालात, "छापलं की फोटोवाले घाट चढतील. त्या झाडाखाली उभं राहून बोलतील. झाड त्यांचं आहे, पुष्पा. आकडा माझा आहे. त्याला लोक काय म्हणतात ते मी सोसीन."

"आणि इचारायचं काय?"

तुम्ही तो तुकडा बशीत परत ठेवलात. मग म्हणालात, "तिच्या मुलीच्या झाडाचं मी खाल्लंय. कुठल्या तोंडानं विचारू?"

हॉटेलवाल्यानं रस्सा पुन्हा वाढला. मी त्यात तुमच्यावरचा राग बुडवून खाल्ला. तेव्हापासून हे भांडण आपण कुठे कुठे नाही केलं? एसटीत केलं, दवाखान्याच्या पायरीवर केलं, माझ्या लग्नात जेवणाच्या पंगतीत केलं. माझ्या नवऱ्याला वाटलं, वाढणं कमी पडलं म्हणून डॉक्टर रागावले. मी तुम्हाला हट्टी म्हणायची, भित्रे म्हणायची. तुम्ही मला म्हणायचा, "तू वकील व्हायला हवी होतीस." आणि एवढ्या सगळ्यात एकदाही मला कामावरून जा असं म्हणाला नाहीत. दुसऱ्या कोणाही साहेबाशी मी असं बोलले असते, तर माजरीच्या खाणीत कोळसा मोजायला जावं लागलं असतं.

तुमची आणखी एक रीत होती, ती मात्र तुम्ही लपवली नाही. जे छापून यायचं, ते तुम्ही ज्यांचं होतं त्यांना नेऊन वाचून दाखवायचा. इतर शहाणे तुम्हाला हसायचे. तो निबंधही आपण घेऊन गेलो. तुम्ही मराठीत सांगायचा, मी गोंडीत. बाया लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या. गोवर, वय, महिने, श्वास, लस. कुठलंच वाक्य तुम्ही गाळलं नाहीत, कंटाळवाणी वाक्यंसुद्धा. वाचून झालं. मारुबाई म्हणाली, "एवढंच?"

बस, तेवढाच शब्द. तुम्हाला वाटलं, तिची मुलगी आकड्यात इतकीशी करून टाकली म्हणून ती बोलली. तो 'एवढंच' तुम्ही कायमचा उराशी धरलात. नागपूरच्या खुर्चीतही एकदा म्हणालात, "बरोबरच होतं तिचं. एवढंच जमलं आपल्याला."

डॉक्टर, एवढंच काही नव्हतं ते. त्या लहानशा मासिकातला निबंध कोणीतरी वाचला, आणि पुढच्या हिवाळ्यात लशीचा डबा घाट चढला. पुढच्याही वर्षी चढला. गोवराच्या साथीत आणखी लहान वयात एक जादा डोस द्यायचं ठरलं, तेव्हा तुम्ही मला फोन केलात आणि आनंदाच्या भरात अर्धा वेळ हवापाण्याविषयीच बोललात. त्या गावातली जी पोरं पापण्या ओढत तुमच्यामागे फिरायची, त्यांना आता पोरं झाली आहेत. त्या मोहाखाली नवी जागा क्वचितच लागते. हे सांगणाऱ्या माझ्या तोंडात साखर पडो. आभार मानायचे राहून गेले तुमचे. आपल्यात मानायची पद्धतच नव्हती, भांडायची होती. म्हणून आता मानते. तुम्ही नसता, तर मी आज कुठल्या तरी कचेरीत पंख्याखाली बसून घरी जायची वाट बघणारी बाई झाले असते.

तर शोकसभेहून घरी आले. साहेबांची 'तळमळ' कानातून जाईना. सकाळी मी वचन मोडलं. रागवायचं असेल तर रागवा, मला सवय आहे. पिशवीत निबंध घातला आणि जिवतीची गाडी पकडली. गावात मुक्काम केला. उजाडताना मारुबाईला शोधत रानात गेले. तिचे केस पांढरे झालेत, कंबर वाकली आहे, पण टोपली तीच कमरेवर. तुम्ही गेल्याचं सांगितलं. तिनं टोपली खाली ठेवली आणि तिथेच बसली. मग विचारलं, "त्रास झाला का त्याले?"

"श्वासाचा झाला," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. श्वासाचा त्रास तिला समजावून सांगायची गरज नव्हती.

मग मी विचारलं. जे तुम्ही इतकी वर्षं विचारू दिलं नाहीत ते. म्हटलं, मारुबाई, डॉक्टरांनी तुमच्या झाडाची गोष्ट कुठेच लिहिली नाही, म्हणून लोक त्यांना खोटं म्हणतात. मी लिहू का? गावाचं नाव नाही लिहिणार. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. आता माझ्याकडे औषध नाही, काही नाही. खुशाल नाही म्हणा.

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "मले काऊन नाई इचारलं तवा?"

"त्यांना लाज वाटत होती. तुमच्या मुलीच्या झाडाचं फूल खाल्लं म्हणून."

"लाज?" ती चिडली, खरंच चिडली. "अवो बाई, त्यानं ते थुकलं असतं ना, त मी तोंड उघडलंच नसतं. घरात आमी गेलेल्या लेकरायचं नाव काढत नाई. पर मी पाह्यलं त्याच्याकडं. सायब माणूस. मले वाटलं, आता थुकन. थुकलं नाई. गिळलं. माही पोरगी ज्याचं दूध पेते, त्याचंच यानं खाल्लं. मंग तो परका कसा? म्हणून त सांगितलं. म्हणून त आमी त्याले पुंगार डॉक्टर म्हणत होतो. मायेनं म्हणत होतो."

तुम्ही ज्या घासापायी आयुष्यभर मान खाली घातलीत, त्याच घासासाठी त्यांनी तुम्हाला आपलं म्हटलं होतं. आणि आपण दोघं शिकलेसवरलेले, एसटीत आणि आलुबोंड्यांवर, तिच्या मनातलं तिच्यावाचून ठरवत बसलो. मला हसू आलं आणि हसता हसता मी रडले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा नीट रडले.

"मग तेव्हा तुम्ही 'एवढंच' का म्हणालात?" मी डोळे पुसत विचारलं. "वाचून दाखवलं तेव्हा?"

"मंग काय म्हणू? त्यात झाड नव्हतं ना. आमी सगळ्या बायायनं झाडाखाली बसून सांगितलं, अन् कागदात झाडच नाई. मले वाटलं, त्याले आवडलं नसन."

ती उठली आणि मला झाडाकडे घेऊन गेली. तोच मोह, अजून मोठा झालेला. खाली तसाच सडा. तिनं आपल्या मुलीच्या जागेजवळून एक फूल उचललं, पदराला पुसलं आणि माझ्यासमोर धरलं. इतकी वर्षं मी तुमच्याशी त्या घासावरून भांडले, पण मी स्वतः कधी त्या झाडाला हात लावला नव्हता. मी खाल्लं, डॉक्टर. गोड आहे, आणि मागून जरा तुरट.

"कागद आणला का?" तिनं विचारलं. "वाच."

मी तिथेच बसून वाचला. पहिल्यापासून, कंटाळवाण्या वाक्यांसकट, गोंडीत. माझी गोंडी आता बाजाराच्या पुढे गेली आहे, तुम्हाला बरं वाटलं असतं. आणखी दोन-तीन बाया येऊन उभ्या राहिल्या. जिथे 'समाजातील माहितीदारांकडून' असं लिहिलंय, तिथे मी थांबले. ते वाचलं नाही. त्याऐवजी म्हटलं, 'जो मोह कोणी वेचत नाही, त्याच्याखाली बसून त्या लेकरांच्या आयांनी सांगितल्याप्रमाणे.' मारुबाईनं ते एकदा पुन्हा म्हणायला लावलं. मग पुढे वाच म्हणाली. मी शेवटपर्यंत वाचला.

"आता पुरं झालं," ती म्हणाली. टोपली उचलून कमरेवर घेतली आणि आपल्या वेचायच्या झाडाकडे निघाली. चार पावलं गेली आणि वळली. "त्याले सांगून दे."

मी म्हटलं, "मारुबाई, ते गेले ना."

"मंग काय झालं?" ती म्हणाली. "आमी नाई का सांगत आमच्या लेकरायले?"

म्हणून सांगतेय, डॉक्टर.